मोटारघराच्या जमिनीचे लेप

राहत्या घराला लागून किंवा घराच्या आवारात मोटारगाडी ठेवण्यासाठी बांधलेल्या खोलीच्या काँक्रीटच्या जमिनीला झीज, धूळ, तेलाचे डाग आणि लवणांचा उपद्रव यांपासून संरक्षण मिळावे म्हणून तिच्यावर देण्यात येणारे थर. मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द मोटार दुरुस्तीच्या कारखान्यासाठी रूढ झालेला असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत ‘मोटारघर’ हा शब्द योजिला आहे. असे मोटारघर मुख्यतः उत्तर अमेरिका व यूरोप येथील निवासी वास्तूचा भाग असून या लेपांचा अलीकडचा इतिहासही बव्हंशी तेथेच घडला आहे.

हे लेप तत्त्वतः तीन प्रकारांनी काम करतात. काही लेप जमिनीच्या अंगातच मिसळलेले असतात, म्हणजे वरचा थर हा जमिनीचाच घोटलेला भाग असतो. काही द्रवरूपाने जमिनीत मुरतात व तिच्या छिद्रांत घन होतात. तिसऱ्या प्रकारचे लेप जमिनीवर स्वतंत्र पटल निर्माण करतात. टिकाऊपणा हा लेपाच्या डब्यातील द्रव्याचा गुण आहे असे सामान्यतः मानले जाते व जाहिरातीही तसेच सांगतात. वस्तुतः तो लेप आणि त्याखालील तळ यांच्यातील संबंधाचा गुण आहे. उत्तम रेझीन ओल्या किंवा तेलकट काँक्रीटवर दिल्यास वर्षभरात सुटते, तर साधा चुना योग्य रीतीने ठोकलेल्या तळावर शतकानुशतके टिकल्याची उदाहरणे आहेत.

प्राचीन पूर्वपीठिका : जमिनीला कठीण व धुता येईल असे पृष्ठ देण्याची कला मातीची भांडी घडविण्याच्या कलेपेक्षा पश्चिम आशियात जुनी ठरते. इझ्राएलमधील यिफ्ताहेल येथे १९८५ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना भाजलेला चुना व दगड यांची जमीन उघडकीस आली. तिचा काळ सु. इ. स. पू. ७००० असा मानतात. जेरिको येथील नवाश्मयुगीन घरांतही चुन्याच्या गिलाव्याच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या व पुष्कळदा तांबड्या रंगाच्या जमिनी सापडल्या आहेत. चुनखडी भाजण्यास लागणारे इंधन व श्रम लक्षात घेता जमिनीसारख्या पायदळी तुडविल्या जाणाऱ्या भागासाठी तो खर्च त्या लोकांनी केला, हे लक्षणीय आहे.

रोमन लोकांनी या कलेस शास्त्राचे रूप दिले. व्हिट्रूव्हिअस या वास्तुतज्ञाने इ. स. पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागाच्या आरंभीच जमिनींचा विचार केला आहे. प्रथम मुठीएवढ्या दगडांचा थर, त्यावर खडी व चुना यांचा लाकडी दांड्यांनी ठोकून पक्का केलेला थर, त्यावर तीन भाग कुटलेली कौले व एक भाग चुना यांचा सहा अंगुळे जाडीचा थर आणि सर्वांवर अंतिम पृष्ठ असा क्रम त्याने सांगितला आहे. चार थरांपैकी तीन थर दृष्टीआड राहतात. उघड्यावरील जमिनीसाठी तो आणखी एक सूचना करतो : दर वर्षी हिवाळ्यापूर्वी अशी जमीन तेलाच्या गाळाने भिजवून काढावी, म्हणजे तिच्यात दहिवर शिरणार नाही. मुरणाऱ्या लेपाचा हा अगदी स्पष्ट असा जुना उल्लेख असून हिमप्रदेशातील मोटारघरांत आज सिलेन-सिलोक्सेन वर्गातील द्रव्ये ज्या हेतूने मुरवितात तोच हेतू त्यात आहे.

महाराष्ट्रातील सारवण हा याच प्रश्नाचा वेगळा उलगडा आहे. शेणामातीचा थर टिकावा अशी अपेक्षाच नसते. तो झिजतो आणि ठराविक दिवसांनी पुन्हा दिला जातो. तळ व लेप एकाच मातीचे असल्याने दोहोंच्या आकुंचन-प्रसरणात तफावत पडत नाही व पापुद्रे सुटले तरी दुरुस्ती घरच्या घरी होते. याउलट चुन्याचा कोबा हा व्हिट्रूव्हिअसच्या मार्गाने जाणारा आहे. विटांचे तुकडे व चुना लाकडी थापीने दीर्घ काळ ठोकून तो घट्ट करीत. कोकण व गोवे येथील जुन्या घरांत आढळणारी तांबड्या कोब्याची जमीन ही त्याची सिमेंटयुगातील आवृत्ती म्हणता येईल. तीत लोहाचे ऑक्साइड सिमेंटमध्येच मिसळलेले असल्यामुळे पृष्ठ झिजले तरी रंग जात नाही. [⟶ कोबा, चुना].

पोर्टलंड सिमेंट व मोटारगाडी : लीड्स येथील जोझेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काँक्रीटची सलग जमीन कारखान्यांत रूढ झाली. तिचा मुख्य दोष धूळ हा होता. ओले काँक्रीट थापून सपाट करताना पाणी व सिमेंटचे सूक्ष्म कण वर येतात आणि सायीसारखा कमकुवत थर तयार होतो. कारागीर पृष्ठ लवकर गुळगुळीत करण्याच्या घाईने पाणी शिंपडत थापी फिरवीत राहिला, तर हा थर अधिकच जाड होतो. वाळल्यावर तो पायाखाली भुकटी होऊन निघतो. पुढे ज्या रंगांचे पापुद्रे निघू लागले त्यांतील बरेचसे रंग काँक्रीटपासून सुटले नव्हते; ते या सायीसह सुटले होते. निघालेल्या पापुद्र्याची खालची बाजू पाहिल्यास तिला चिकटलेली करडी भुकटी स्पष्ट दिसते. लेप का गेला हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही.

धुळीवरील पहिला रासायनिक उपाय लेपाचा नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान नेपोमुक फोन फुक्स यांनी १८१८ मध्ये जलकाच म्हणजे पाण्यात विरघळणारे सिलिकेट तयार केले. ते काँक्रीटमध्ये मुरविल्यास तेथील मोकळ्या चुन्याशी त्याची विक्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेटाचे कठीण संयुग छिद्रांत साचते. फ्रान्समध्ये केसलर यांनी १८८३ मध्ये मऊ चुनखडकासाठी फ्ल्युओसिलिकेटांची प्रक्रिया प्रसिद्ध केली व ती नंतर काँक्रीटच्या जमिनींसही लागू करण्यात आली. या द्रव्यांनी पटल निर्माण होत नाही, म्हणून सुटण्यासारखे काही राहत नाही. मात्र रंग व चकाकी मिळत नाही आणि तेलाचा डाग पूर्णपणे थोपविला जात नाही. गृहस्थाला ती आकर्षक वाटली नाहीत, याचे कारण हेच.

मोटारगाडी प्रथम तबेल्यात किंवा बग्गीखान्यात ठेवीत. पेट्रोलच्या आगीची भीती असल्याने स्वतंत्र मोटारघरही घरापासून दूर बांधण्याची रीत होती. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ ही गाडी विक्रीस आणली, १९१३ मध्ये सरकत्या जुळणी-पट्ट्याची पद्धत सुरू केली आणि १९२७ पर्यंत या प्रकारच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्यावर मोटारघर हळूहळू घराकडे सरकले व दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन उपनगरांत ते घराचेच एक दालन झाले. घराला चिकटल्यावर त्याची जमीन स्वच्छ व शोभिवंत असावी ही अपेक्षा उत्पन्न झाली. लेपाच्या मागणीचे खरे मूळ या स्थलांतरात आहे.

ती मागणी आरंभी जवसाच्या तेलावर व पुढे अल्किड रेझिनांवर आधारलेल्या जमिनीच्या रंगांनी भागविली जाई. लाकडी ओसरीवर उत्तम टिकणारे हे रंग काँक्रीटवर फसले. ताज्या काँक्रीटमधील द्रव तीव्र क्षारधर्मी असतो. त्याच्याशी तेलाची विक्रिया होऊन साबण बनतो, म्हणजे लेपाचा बंधकच पाण्यात विरघळू लागतो. १९३० नंतर प्रचारात आलेल्या क्लोरिनीकृत रबराच्या रंगांवर क्षारांचा परिणाम होत नसे. परंतु पेट्रोल व तेल यांनी ते मऊ पडत. शिवाय त्यांच्या उत्पादनात वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइड १९८७ च्या माँट्रिऑल मसुद्यानंतर नियंत्रणाखाली आले व त्यांचे महत्त्व ओसरले.

रेझिनांचे युग : या क्षेत्रातील मोठा पालट इपॉक्सी रेझिनांनी घडविला. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३४ मध्ये या रसायनाच्या दिशेने एकस्व घेतले होते. स्वित्झर्लंडमध्ये प्येर कास्टां हे कृत्रिम दातांच्या कवळ्यांसाठी द्रव्य शोधीत होते. त्यांनी १९३८ मध्ये केलेल्या संशोधनाचे हक्क बाझेलच्या सीबा कंपनीने घेतले. मराठी वाचकास परिचित असलेले ‘अराल्डाइट’ हे त्याचेच फळ होय. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे रंगांसाठीच अशी रेझिने तयार करीत होते. एपिक्लोरोहायड्रीन व बिस्फिनॉल-ए यांपासून बनलेले रेझीन आणि अमाइन वर्गातील कठिनीकारक एकत्र केले असता दोहोंचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. हे जाळे क्षारांना दाद देत नाही, पेट्रोलने फुगत नाही व काँक्रीटला घट्ट धरते. कारखाने, विमानांचे कोठार व रुग्णालये येथे १९५० नंतर त्याचा प्रसार झाला व तेथून ते घरगुती वापरात आले.

घरगुती आवृत्ती मात्र मूळ द्रव्याची पातळ छाया होती. लॉस अँजेल्समध्ये १९६६ साली ‘नियम ६६’ या नावाने ओळखला जाणारा नियम करून धुरक्यास कारणीभूत होणाऱ्या विद्रावकांवर मर्यादा घालण्यात आल्या आणि १९९८ मध्ये इमारतींच्या रंगांतील बाष्पनशील द्रव्यांसंबंधी अमेरिकेचा राष्ट्रव्यापी नियम झाला. परिणामी पाण्यात विखुरलेली इपॉक्सी रेझिने घरगुती संचांच्या रूपाने दुकानांत आली. त्यांचे वाळलेले पटल सामान्यतः ५० ते ७५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढे जाड असते. विद्रावकरहित औद्योगिक इपॉक्सीचा एकच हात २०० ते ३०० मायक्रॉनांचा थर देतो. दोन्ही डब्यांवर ‘इपॉक्सी’ हाच शब्द असल्याने खरेदीदाराची दिशाभूल होते. डब्यावरील नावापेक्षा त्यातील घन भागाचे प्रमाण व एका डब्यात किती क्षेत्र झाकायचे हे आकडे वाचणे अधिक उपयुक्त आहे.

मोटारघराने इपॉक्सीपुढे एक नवी कसोटी ठेवली. दूरवर धावून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. सर्वसाधारण तापमानात घट्ट होणारी इपॉक्सी रेझिने सु. ५०° ते ६०° से. तापमानास मऊ पडू लागतात. टायरच्या रबरातील तेलकट द्रव्येही वरच्या थरात शिरतात. गाडी उभी राहिल्यावर टायर थंड होऊन आकुंचन पावतो व मऊ झालेल्या पटलास ओढतो. सकाळी गाडी बाहेर काढताना चाकाखालचा रंग चाकाला चिकटून जातो आणि जमिनीवर चार ठिगळे उरतात. पातळ पटल व अपुरी तयारी असलेल्या जमिनीवर हे विशेष घडते. तळाला पकड पक्की असेल, तर टायरची ओढ पटल उचलू शकत नाही.

पॉलियुरेथेनाचा शोध ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकूझेन येथे लावला. त्याचे अ‍ॅलिफॅटिक प्रकार उन्हातील जंबुपार किरणांनी पिवळे पडत नाहीत व घर्षणास उत्तम टिकतात. उघड्या दारातून येणाऱ्या उन्हाने इपॉक्सी पिवळी पडत असल्याने खाली इपॉक्सी व वर पॉलियुरेथेन अशी जोडी रूढ झाली. १९९० च्या सुमारास त्याच कुळातील पॉलिअ‍ॅस्पार्टिक द्रव्ये पुढे आली. ती काही तासांत घट्ट होतात व थंड हवेतही काम देतात. त्यांच्या बळावर अमेरिकेतील कंत्राटदार एका दिवसात जमीन पूर्ण करून देण्याचे आश्वासन देऊ लागले. द्रव्य चांगले आहे. आश्वासन तपासून पाहण्यासारखे आहे. त्वरेने घट्ट होणारे द्रव्य काँक्रीटमध्ये मुरण्यास फारसा अवसर मिळत नाही. शिवाय जमिनीतील ओलाव्याची प्रमाणित चाचणी कामापेक्षा अधिक वेळ घेते, त्यामुळे एका दिवसाच्या कामात बहुधा तीच वगळली जाते.

तळाची तयारी : ओलावा हा या विषयाचा गाभा आहे. जमिनीखालील मातीतून पाण्याची वाफ काँक्रीटमधून सतत वर येत असते. उघड्या काँक्रीटमधून ती हवेत निघून जाते. पटलाखाली ती अडते, क्षार वर आणते व फोड निर्माण करते. राहत्या खोल्यांच्या जमिनीखाली बाष्परोधक कागद घालण्याचे बंधन अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत (पहिली आवृत्ती २०००) आहे. तथापि संहितेच्या अनेक आवृत्त्यांत सुट्या मोटारघरांसारख्या न तापविल्या जाणाऱ्या वास्तूंना त्यातून सूट दिलेली आढळते. जेथे पटलाचा लेप सर्वांत अधिक देतात, नेमक्या तेथेच त्याला आवश्यक असलेला बाष्परोध बांधकामाच्या वेळी पुष्कळदा घातलेला नसतो. नंतर तो खालून घालता येत नाही.

म्हणून लेप निवडण्यापूर्वी ओलावा पाहावा लागतो. सु. ४५ सेंमी. लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवावा. काढल्यावर खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट ओल दिसली, तर पटलाचा विचार तूर्त सोडावा. ही ठोकळ चाचणी आहे. तुकडा कोरडा निघाला म्हणून जमीन निश्चित कोरडी आहे असे होत नाही. अधिक काटेकोर पद्धतीत कॅल्शियम क्लोराइड झाकणाखाली ६० ते ७२ तास ठेवून त्याचे वाढलेले वजन मोजतात. २४ तासांत १,००० चौ. फुटांमागे ३ पौंडांहून (सु. ९३ चौ. मी. मागे १.३६ किग्रॅ.) अधिक वाफ निघत असल्यास अनेक उत्पादक हमी देत नाहीत. नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरू देण्याची प्रथाही याच कारणाने पडली आहे.

दुसरी बाब पकडीची. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चटकन शोषला गेला, तर पृष्ठ उघडे आहे. मोत्यासारखा उभा राहिला, तर तेल किंवा जुना लेप तेथे आहे. पूर्वी विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने पृष्ठ खरखरीत करीत आणि घरगुती संचांतून अम्ल अद्याप दिले जाते. अम्ल तेलावर काम करीत नाही, सर्वत्र सारखे खात नाही व नीट धुतले न गेल्यास क्लोराइडे मागे ठेवते. हिऱ्याच्या चकत्यांनी घासणे किंवा पोलादी गोळ्यांचा मारा करणे या यांत्रिक पद्धती अधिक भरवशाच्या आहेत. पृष्ठाचा खरखरीतपणा शब्दांनी सांगता येत नाही ही अडचण इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये रबराचे नऊ नमुना-तुकडे प्रसृत करून सोडविली (२०१३ मध्ये त्यांत दहाव्याची भर पडली). बोटाने चाचपून तुलना करण्याची ही साधी युक्ती या क्षेत्रातील अनेक नव्या रेझिनांपेक्षा अधिक मोलाची मानावी लागेल. १९९० नंतरच्या दशकात हिऱ्याच्या चकत्यांची यंत्रे सुधारल्यावर काँक्रीट घासून, सिलिकेट मुरवून व घोटून चकाकी आणण्याची पद्धतही प्रचारात आली. म्हणजे घोटलेल्या जमिनीची जुनी कल्पना नव्या हत्यारांनिशी परतली.

निवडीबद्दल एवढे म्हणता येईल : ओल असलेल्या किंवा बाष्परोधाविषयी माहिती नसलेल्या जमिनीवर मुरणारे सिलिकेट योग्य. जेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे गाडीखाली वितळणाऱ्या खारट बर्फामुळे काँक्रीटचे पृष्ठ गोठून-वितळून खवले सोडते. तेथे सिलेन-सिलोक्सेन वर्गातील द्रव्य अधिक उपयोगी पडते. कोरड्या, भक्कम व यंत्राने घासलेल्या जमिनीवर इपॉक्सीचा जाड थर व वर पॉलियुरेथेन किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा हात ही जोडी दीर्घकाळ टिकते. चकचकीत पटल ओले झाले की निसरडे होते, म्हणून वरच्या हातात ॲल्युमिनियम ऑक्साइडाची किंवा वाळूची बारीक रेव टाकणे आवश्यक आहे. शोभेच्या रंगीत कपच्या हे काम पुरेसे करीत नाहीत. एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे तुकडे हा लेप नसून सतरंजी आहे, पण भाड्याच्या घरात तोच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

या कामाचा भार ते करणाऱ्याच्या शरीरावरही पडतो. काँक्रीट कोरडे घासताना उडणाऱ्या सिलिकेच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. अमेरिकेत २०१६ मध्ये तिची मर्यादा दर घ. मी. हवेत ५० मायक्रोग्रॅम अशी ठरविण्यात आली. न मुरलेल्या इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला अधिहर्षता जडते व एकदा जडल्यावर अल्प स्पर्शही सोसत नाही; अशा कामगाराला पुष्कळदा व्यवसायच सोडावा लागतो. पॉलियुरेथेनातील आयसोसायनेटांमुळे दमा होऊ शकतो. यूरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेटे व्यवसायात हाताळण्यापूर्वी प्रशिक्षण सक्तीचे आहे. हौसेने सुट्टीच्या दिवशी काम करणारा गृहस्थ या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो, धोक्याच्या मात्र नाही.

महाराष्ट्रात बंद मोटारघरे मोजक्या बंगल्यांपुरती असून तेथे शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा आढळतो. गृहनिर्माण संस्थांत इमारतीखालील खांबांमधील मोकळ्या जागेत गाड्या उभ्या राहतात व तेथे चौकटीच्या नक्षीच्या फरश्या किंवा निर्वात पद्धतीने पाणी काढलेले, ‘ट्रिमिक्स’ या नावाने ओळखले जाणारे काँक्रीट घालतात. रेझिनांचे लेप प्रामुख्याने औषधांचे कारखाने व व्यापारी संकुलांची तळघरे यांत दिसतात. कोकण व मुंबई येथे पावसाळ्यातील दमट हवेत अमाइन कठिनीकारक हवेतील पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी विक्रिया पावून पटलावर पांढुरका, चिकट थर येतो आणि त्यावर दिलेला दुसरा हात धरत नाही. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. अधिक असल्याशिवाय लेप देऊ नये हा सर्वत्र पाळला जाणारा नियम येथे जून ते सप्टेंबर या काळात सांभाळणे अवघड जाते. म्हणून अशी कामे पावसाळा संपून जमीन वाळल्यावर, साधारणतः डिसेंबरनंतर हाती घेणे इष्ट असते.